आत्मपर विनोदी कथा आणि वर्गातील गटसादरीकरण

श्रेयांक पद्धतीच्या आगमनानंतर महाविद्यालयांतील व विद्यापीठ विभागांतील मराठीच्या वर्गांत ‘गटसादरीकरण’ हा शब्द रूढ झाला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार आखलेल्या अभ्यासक्रमांत अंतर्गत मूल्यमापनाला जे स्थान मिळाले, त्यामुळे तो अधिकच पक्का झाला आहे. तथापि या उपक्रमाचे प्रत्यक्ष रूप पाहिले तर फार समाधान वाटावे अशी स्थिती नाही. पाच विद्यार्थ्यांचा गट उभा राहतो. पहिला विद्यार्थी लेखकाचा परिचय वाचतो, दुसरा कथानक सांगतो, तिसरा व्यक्तिचित्रणाकडे वळतो, चौथ्याच्या वाट्याला भाषाशैली येते आणि पाचवा समारोप करून आभार मानतो. गाइडातील एका प्रकरणाचे पाच तुकडे पाच मुखांतून ऐकावयास मिळतात, इतकेच. एकाला दुसऱ्याचे काय म्हणणे आहे याचा पत्ता नसतो आणि तो असण्याची गरजही कोणाला भासत नाही. अशा सादरीकरणास गटाचे म्हणण्याचे कारण केवळ एवढेच, की गुणपत्रकावर पाच नावे एका खाली एक लिहिलेली असतात.

ही पद्धत सर्वच वाङ्मयप्रकारांच्या बाबतीत निष्फळ ठरते असे नव्हे. परंतु आत्मपर विनोदी कथेच्या बाबतीत ती जितकी घातक ठरते, तितकी अन्यत्र क्वचितच ठरत असेल. गंभीर कथेचे कथानक सांगितले तर तिची निदान छाया तरी उरते. विनोदी कथेचे कथानक सांगितले की काहीच उरत नाही. ‘लेखकाने येथे अतिशयोक्तीचा सुंदर वापर केला आहे’ हे वाक्य ज्या वर्गात कोणीही न हसता उच्चारले जाते, त्या वर्गात कथा शिकवली गेली असे म्हणता येणार नाही. आणि तरीही, योग्य रीतीने योजल्यास हाच प्रकार गटसादरीकरणाला सर्वांत अनुकूल आहे. हास्य ही एकट्याने करावयाची गोष्ट नाही. ऑन्री बर्गसाँने १९०० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रबंधात हास्याला समूहाचा प्रतिसाद लागतो आणि हसण्याच्या क्षणी अंतःकरण काही काळ बधिर व्हावे लागते, असे प्रतिपादन केले होते. यांपैकी पहिल्या विधानाची प्रचीती घेण्यासाठी चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गाइतकी सोयीची जागा दुसरी नाही. दुसऱ्या विधानाची परीक्षाही तेथेच होते; परंतु तो मुद्दा पुढे यावयाचा आहे.

मराठी विनोदी गद्याच्या इतिहासात ‘मी’चे स्थान विलक्षण आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’ लिहिताना सुदामा नावाचा निवेदक निर्माण केला आणि बंडूनाना व पांडूतात्या यांची त्याला जोड दिली. राम गणेश गडकऱ्यांनी ‘बाळकराम’ हे टोपणनाव धारण केले. चिं. वि. जोशी यांनी चिमणरावाला बोलते केले. पु. ल. देशपांडे यांनी ‘असा मी असामी’ (१९६४) या पुस्तकात धोंडो भिकाजी कडमडेकर जोशी या मुंबईच्या कारकुनाकडून आत्मचरित्र सांगविले; ‘हसवणूक’ (१९६८) या संग्रहातील ‘बिगरी ते मॅट्रिक’ किंवा ‘माझे खाद्यजीवन’ यांसारख्या लेखनात मात्र टोपणनावाचा आडपडदाही ठेवला नाही. म्हणजे ज्याला आपण सरसकट ‘आत्मपर विनोद’ म्हणतो, त्यात ‘मी’ हे सर्वनाम निदान तीन निरनिराळ्या अर्थांनी वावरत असते. कोठे तो लेखकाहून सर्वस्वी भिन्न असे पात्र असतो, कोठे लेखकाने घातलेला मुखवटा असतो, तर कोठे लेखकच असल्याचा आभास निर्माण करणारा निवेदक असतो. फिलिप लजून या फ्रेंच अभ्यासकाने १९७५ साली आत्मचरित्रात्मक कराराची कल्पना मांडली. लेखक, निवेदक आणि नायक या तिघांचे नाव एकच असल्याची हमी वाचकाला मिळाली की तो त्या लेखनाकडे आत्मचरित्र म्हणून पाहतो, असा तिचा स्थूल आशय. विनोदी लेखक हा करार करतो आणि त्याच क्षणी डोळे मिचकावतो. विद्यार्थ्याला शिकवावयाचे ते हे डोळे मिचकावणे.

परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणत्याही प्राध्यापकास हे मान्य होईल, की विद्यार्थी हा भेद बहुधा करीत नाहीत. चिमणराव भित्रा आहे, म्हणून चिं. वि. जोशी हे भित्र्या स्वभावाचे असावेत असे कोणी लिहीत नसले, तरी ‘लेखकाने आपल्या जीवनातील अनुभव विनोदी पद्धतीने मांडले आहेत’ हे वाक्य सर्वत्र आढळते. वस्तुतः चिं. वि. जोशी हे पालीचे व्यासंगी अभ्यासक; बडोद्याच्या महाविद्यालयात त्यांनी पालीचे अध्यापन केले. त्यांचा चिमणराव मात्र स्वतःच्या शहाणपणाविषयी पुरती खात्री बाळगणारा आणि प्रत्येक प्रसंगी तोंडघशी पडणारा मध्यमवर्गीय गृहस्थ आहे. चिमणराव जे सांगतो ते आणि वाचकाला त्यातून जे कळते ते, या दोहोंतील अंतर म्हणजेच तो विनोद. वेन बूथ याने १९६१ साली अविश्वसनीय निवेदकाची संज्ञा प्रचारात आणली. मराठी वाचकाला तो निवेदक चिमणरावाच्या रूपाने त्यापूर्वी तीसएक वर्षे भेटलेला होता. आपल्या विभागांत बूथ शिकविला जातो आणि चिमणराव हा ‘हलकाफुलका’ म्हणून वगळला जातो, ही विसंगती स्वतःच एखाद्या विनोदी लेखाचा विषय व्हावी अशी आहे.

हा भेद व्याख्यानातून सांगता येतो, परंतु पटविता येत नाही. गटसादरीकरणाचा उपयोग येथे होतो. गटाने कथेचा सारांश सांगू नये. एकच उतारा दोनदा वाचावा. पहिल्या वेळी वाचणाऱ्याने चिमणरावाच्या प्रत्येक शब्दावर पूर्ण विश्वास ठेवून, अगदी गंभीरपणे वाचावे. दुसऱ्या वेळी दुसऱ्या विद्यार्थ्याने तोच उतारा ‘हे किती हास्यास्पद आहे पहा’ असे सुचवीत, आवाजाला हेलकावे देत वाचावा. गटातील तिसऱ्याने वर्ग कोठे हसला याच्या खुणा मजकुराच्या प्रतीवर कराव्यात. बहुधा असे आढळते की पहिल्या वाचनात हशा उशिरा येतो, परंतु टिकतो. दुसऱ्यात लवकर येतो आणि लगेच ओसरतो. निवेदक स्वतः हसू लागला की त्याच्यातील आणि लेखकातील अंतर मिटते, आणि अंतर मिटले की वाचकाला करण्यासारखे काही उरत नाही. हे अनुभवल्यानंतर बूथच्या संज्ञेची व्याख्या फळ्यावर लिहिली तरी पुरे.

येथे एका व्यावहारिक अडचणीची नोंद करणे अगत्याचे आहे. पु. ल. देशपांडे यांचे कोणतेही लोकप्रिय लेखन अभिवाचनासाठी दिले की गट ते लेखन वाचीत नाही, पु. लं.ची नक्कल करतो. त्यांच्या आवाजातील कथनाच्या ध्वनिफिती महाराष्ट्रातील घराघरांत दोन पिढ्या ऐकल्या गेल्या. पुढे त्या तबकड्यांवर आणि आता भ्रमणध्वनीवरही उपलब्ध आहेत. कोठे थांबावे, कोणता शब्द लांबवावा, कोणत्या पात्राला कोणता आवाज द्यावा हे सर्व आधीच ठरलेले असते. वर्ग हसतो, पण तो हशा ओळखीचा असतो, बोधाचा नव्हे. चिमणरावाच्या बाबतीत हीच गोष्ट निराळ्या प्रकारे घडत आली. मास्टर विनायकांच्या ‘लग्न पहावे करून’ (१९४०) या चित्रपटाने आणि पुढे १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवरील मालिकेने त्याला चेहरा दिला, आणि दिलीप प्रभावळकर यांचा तो चेहरा एका पिढीच्या मनातून पुसला गेला नाही. आजच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांनी ती मालिका पाहिलेली नाही. ही हानी समजली जाते. अध्यापकाच्या दृष्टीने ती इष्टापत्ती आहे. चिमणराव आज पुन्हा केवळ शब्दांतून भेटू शकतो. म्हणून सत्राचा आरंभ चिं. वि. जोशींपासून व्हावा आणि पु. ल. नंतर यावेत, हे बरे. ते आल्यावर मात्र ध्वनिफीत टाळण्याचे कारण नाही. मुद्रित संहिता आणि ध्वनिमुद्रित कथन यांत कोणता मजकूर गळला, कोणता वाढला याची तुलना हा एका गटाला पुरेसा विषय आहे. ‘असा मी असामी’ आणि ‘बटाट्याची चाळ’ यांचे एकपात्री प्रयोग स्वतः लेखकाने रंगभूमीवर केले. तेव्हा लिखित व मौखिक यांचा हा संबंध मराठी विनोदाच्या स्वरूपाशीच निगडित आहे. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथाकथनाने तो संबंध गावोगाव नेला.

हशाच्या खुणांइतक्याच मोलाच्या असतात त्या न आलेल्या हशाच्या खुणा. गटाने वाचनापूर्वी, वर्ग कोठे हसेल याचा आपला अंदाज लिहून ठेवावा आणि नंतर प्रत्यक्षाशी ताडून पाहावा. अंदाज जेथे चुकतो तेथे खरी चर्चा सुरू होते. काही विनोद संदर्भ लोपल्यामुळे मरतात. ‘बिगरी’ हा पहिलीच्याही आधीचा वर्ग होता हे सांगावे लागते. ‘मॅट्रिक’ ही परीक्षा कालबाह्य होऊन कित्येक दशके लोटली आहेत, आणि ती नापास होणे हे एके काळी एक सामाजिक स्थान होते याची कल्पना आजच्या विद्यार्थ्याला असणे शक्य नाही. टीप दिल्याने अर्थ कळतो, हसू येत नाही. तरीही अशा लेखनातील काही जागा टिपेवाचून तगतात. वर्गातील भीती, मास्तरांच्या लकबी, परीक्षेपूर्वीचे नवस यांना बिगरीचा अर्थ ठाऊक असण्याची गरज लागत नाही. कोणत्या जागा तगल्या आणि कोणत्या बुडाल्या याची यादी करणे हे गटाचे काम. तिचा अर्थ लावणे हे सर्व वर्गाचे.

परंतु काही विनोद संदर्भ पूर्णपणे कळूनही हसवीत नाहीत. पत्नीच्या खर्चावर, तिच्या अज्ञानावर किंवा बडबडीवर बेतलेले विनोद हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील विनोदी लेखनाचे हुकमी भांडवल होते. मराठीच्या पदव्युत्तर वर्गांत आज मुलींची संख्या लक्षणीय आहे. अशा जागी वर्गातील एक बाजू हसते आणि दुसरी गप्प राहते, किंवा सौजन्याने किंचित हसते. अध्यापक बहुधा ही शांतता ओलांडून पुढे जातो, कारण ती त्याला अडचणीची वाटते. वस्तुतः संपूर्ण तासात घडलेली सर्वांत वाङ्मयीन घटना तीच असते. ज्याला वाचकलक्ष्यी समीक्षा असे भारदस्त नाव आपण देतो, ती येथे समोरच्या बाकांवर बसलेली असते. ‘मी’ कोणाशी बोलतो आहे, त्याने श्रोता म्हणून कोणाला गृहीत धरले आहे आणि कोणाला केवळ विषय म्हणून, हा प्रश्न त्या शांततेतून सहज निघतो. याच ठिकाणी लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वर्गात आणावीत. १९३४ ते १९३६ या काळात पुस्तकरूपाने आलेले हे आत्मचरित्र कथासंग्रह नव्हे, हे खरे. तथापि त्यातील प्रसंग सुट्या कथांसारखे स्वयंपूर्ण आहेत आणि मराठी आत्मपर विनोदाचा इतका निखळ नमुना दुसरा दाखविणे अवघड आहे. वडिलांच्या पराकोटीच्या सोवळ्यापायी मुलांचे झालेले हाल, किंवा रेव्हरंड टिळकांचा लहरी स्वभाव आणि त्यातून संसाराची उडालेली त्रेधा, हे विषय मुळात विनोदाचे नाहीत. त्या आठवणीत लक्ष्मीबाई स्वतःला सूट देत नाहीत आणि पतीलाही देत नाहीत. चिमणरावाची काऊ जर बोलू लागली असती तर ती कशी बोलली असती, या प्रश्नाचे उत्तर एका अर्थी तेथे मिळते. एका गटाला चिमणरावाचा एक प्रसंग आणि ‘स्मृतिचित्रां’तील एक प्रसंग शेजारी ठेवून वाचावयास द्यावा. त्यांना वेगळी प्रश्नावली देण्याची गरज पडत नाही.

आता बर्गसाँच्या दुसऱ्या विधानाकडे यावयास हवे. अंतःकरण बधिर झाल्याशिवाय हसू येत नाही हे खरे असेल, तर वर्गात कोणाविषयीचे अंतःकरण बधिर होते आहे याकडे अध्यापकाचे लक्ष असणे भाग आहे. विद्यापीठ विभागात नांदेड, धुळे, चंद्रपूर, सिंधुदुर्ग अशा ठिकाणांहून आलेले विद्यार्थी एका बाकावर बसतात. त्यांपैकी एखादा जेव्हा गिरगाव वा पार्ले येथील मध्यमवर्गाच्या बोलीत लिहिलेला उतारा वाचतो, तेव्हा वर्ग पुष्कळदा मजकुराला हसत नाही. वाचणाऱ्याच्या ‘न’ आणि ‘ण’ला हसतो. वाचणाऱ्याला ते कळते. पुढल्या सादरीकरणात तो ‘माहिती संकलन’ हे काम मागून घेतो आणि तोंड उघडीत नाही. गटात तो असतो, सादरीकरणात नसतो. त्याची गुणांची टक्केवारी कदाचित उत्तम राहील. परंतु मराठी विनोद आपल्यासाठी लिहिलेला नाही, एवढा एक धडा तो पक्का शिकून जाईल.

यावर सुचविला जाणारा सोपा उपाय म्हणजे ग्रामीण विनोदी कथेचा समावेश. शंकर पाटील, मिरासदार ही नावे अभ्यासक्रमात असतातच, आणि ती असणे योग्यच आहे. पण केवळ समावेशाने प्रश्न सुटत नाही. कोल्हापूरकडील बोलीतील संवाद पुण्यामुंबईचा विद्यार्थी वाचतो तेव्हा तो बहुधा बोलीचे विडंबन करतो आणि वर्ग पुन्हा बोलीलाच हसतो. विनोद प्रसंगात आहे की उच्चारात, हे ठरविण्याची एक कसोटी आहे. तो संवाद गटाने प्रमाण मराठीत लिहून काढावा आणि वाचावा. जेथे हसू टिकते तेथे विनोद प्रसंगाचा. जेथे जाते तेथे दोन शक्यता उरतात. एक तर त्या बोलीतील शब्दात असा काही अर्थ आहे की जो प्रमाण भाषेत नाही, किंवा मग तेथे विनोद नव्हताच, केवळ श्रोत्याचा अहंकार होता. या दोन शक्यतांमध्ये निवड करावयास लावणे, हे बोलीविज्ञानाच्या दहा व्याख्यानांहून अधिक उपयुक्त ठरेल. या कामी ती बोली ज्याच्या घरची आहे तो विद्यार्थी गटाचा तज्ज्ञ ठरतो, ही आणखी एक जमेची बाजू.

सादरीकरणाच्या शेवटी विद्यार्थ्यांकडून स्वतःच्या आयुष्यातील एखादा विनोदी प्रसंग लिहून घेण्याची प्रथा काही ठिकाणी रुजली आहे. सर्जनशील लेखनाला उत्तेजन मिळते, अभ्यासाशी जिव्हाळा उत्पन्न होतो, असे तिचे समर्थन केले जाते. या प्रथेविषयी मात्र गंभीर आक्षेप घेतला पाहिजे. स्वतःला हसणे ही सर्वांना सारखीच परवडणारी गोष्ट नाही. धोंडो भिकाजी जोशी आपल्या कारकुनी आयुष्याला हसू शकतो, कारण त्या हसण्याने त्याच्या सामाजिक प्रतिष्ठेला धक्का लागण्याचा संभव नसतो. तो माणूस म्हणून गणला जाईल की नाही हा प्रश्न त्याच्यापुढे कधीच नव्हता. ज्यांच्यापुढे तो होता त्यांच्या आत्मकथनांत हसू नाही असे नाही. दया पवार यांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) दगडू मारुती पवार आणि दया पवार असे ‘मी’चे दोन भाग करून त्यांना समोरासमोर बसविले आहे, आणि त्या रचनेत उपरोधाला मोठा वाव मिळाला आहे. उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) तर कोकणातल्या बायकांचे हसणे-खिदळणे दुःखाच्या अगदी शेजारी नांदते. परंतु हे हसू लेखकाने स्वतः निवडलेल्या वेळी, स्वतः ठरविलेल्या वाचकापुढे आणि बहुधा पुष्कळ वर्षांच्या अंतराने आलेले आहे. सोमवारी दिलेला प्रसंग शुक्रवारी वर्गासमोर विनोदी करून वाचा, या आज्ञेत ते अंतरही नाही आणि ती निवडही नाही. ज्याच्याकडे सांगण्यासारखा निरुपद्रवी प्रसंग आहे तो गुण मिळवितो. ज्याच्याकडे नाही तो एक तर खोटा प्रसंग रचतो किंवा आपली लाज विकावयास काढतो. हे लेखन घ्यावयाचेच असेल तर ऐच्छिक असावे, वाचून दाखविण्याचे बंधन नसावे आणि त्याला गुण नसावेत. त्याऐवजी सर्वांना सारखे असे काम देता येते. एखादा कल्पित निवेदक घ्यावा, वसतिगृहाचा रखवालदार किंवा परीक्षा विभागातील लिपिक, आणि त्याच्या ‘मी’तून लिहावे. कोल्हटकरांपासून पु. लं.पर्यंत सर्वांनी हेच केले. मुखवटा हा या वाङ्मयप्रकाराचा आडमार्ग नव्हे. तोच त्याचा राजमार्ग आहे.

गुणदानाविषयी थोडक्यात. वर्ग किती हसला यावर गुण देऊ नयेत, हे उघड आहे. नटाची देणगी असलेला विद्यार्थी त्यात नेहमीच पुढे राहील. गटाला एकत्रित गुण दिल्यास एकाच्या कष्टांवर चौघे तरून जातात, ही तक्रार सार्वत्रिक आहे आणि रास्तही आहे. खुणा केलेली संहितेची प्रत, आधी वर्तविलेले अंदाज आणि ते का चुकले याविषयी प्रत्येकाने स्वतंत्रपणे लिहिलेली दोन पृष्ठे, यांवर निम्म्याहून अधिक गुण ठेवावेत. ही दोन पृष्ठे गाइडातून उतरवून घेता येत नाहीत, कारण त्या दिवशी त्या वर्गात काय घडले हे कोणत्याही गाइडात छापलेले नसते. आयत्या उत्तरांचा पुरवठा करणारी नवी यंत्रेही त्या दिवशी वर्गात हजर नसतात.

राहता राहिला वेळेचा प्रश्न, आणि तोच सर्वांत कठीण आहे. वर वर्णिलेल्या पद्धतीने एका कथेला किमान तीन तासिका लागतात. एक वाचनाला, एक चर्चेला आणि एक दुसऱ्या संहितेशी तुलना करावयाला. अभ्यासपत्रिकेत आठ-दहा कथा लावलेल्या असतात आणि त्या ‘पूर्ण’ झाल्याचा अहवाल सत्रअखेरीस द्यावा लागतो. अभ्यासमंडळांनी विनोदी कथेच्या अभ्यासपत्रिकेतील कथांची संख्या चार-पाचांवर आणावी आणि त्यांत निवेदकाच्या दृष्टीने एकमेकींहून भिन्न अशा कथा निवडाव्यात. तोपर्यंत अध्यापकाला एवढे करता येईल, की उरलेल्या कथा विद्यार्थ्यांवर स्वयंवाचनासाठी सोपवाव्यात, आणि निवडलेल्या तीन कथांच्या वेळी घड्याळाकडे न पाहता हशा ओसरेपर्यंत थांबावे.